दीड इंच माया : नैराश्याच्या एका उपचाराची हकिकत

या लेखातल्या बाईंना मी ‘ताई’ म्हणणार आहे. समोर बसल्यावरही तसंच म्हणत होते. त्यांची ओळख पटू नये म्हणून गाव, वय, घरची माणसं हे तपशील बदलले आहेत आणि अशाच वाटेने गेलेल्या आणखी दोघींच्या उपचारांतल्या काही गोष्टी यात मिसळल्या आहेत. उपचार कसा सरकला, कुठे अडला, माझं कुठे चुकलं हे मात्र झाकून ठेवलेलं नाही.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. आठवड्यातले दोन दिवस तालुक्याच्या एका गावात मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांच्या दवाखान्यात बसते. औषधं ते बघतात, बोलण्याचा उपचार माझ्याकडे. नैराश्यासाठी मी मुख्यतः कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे सीबीटी वापरते. मराठीत तिला बोधात्मक वर्तनोपचार म्हणतात, पण हे नाव ऐकून आजवर एकाही पेशंटच्या चेहऱ्यावर काही उमटलेलं मी पाहिलं नाही.

ताई फेब्रुवारीत आल्या. वय ४४. गेली १९ वर्षं घरच्या पुढच्या खोलीत मशीन मांडून बायकांचे ब्लाउज शिवतात. यजमान सोसायटीत नोकरीला, थोडी शेती, मुलगा बारावीत. यजमानांच्या हातात जाड फाइल होती. सोनोग्राफी, ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट, दोनदा सलाईन लावल्याच्या पावत्या. चार महिन्यांत तीन डॉक्टर झाले होते.

“मॅडम, मला काही झालेलं नाही,” ताई म्हणाल्या. “फक्त अंगात जीव नाही.”

रात्री दहाला डोळा लागायचा आणि साडेतीनला टक्क जाग यायची. मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं. घास उतरत नव्हता. सहा किलो वजन उतरलं होतं. दुपारी टीव्ही चालू असायचा, पण समोर काय चाललंय ते कळत नव्हतं. शेजारीण दारात दिसली की त्या आतल्या खोलीत जायच्या. फोन डिसेंबरपासून बंद होता.

फोन का बंद, हे यजमानांनी सांगितलं. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू झाली. एका गिऱ्हाइकाचा पैठणीवरचा ब्लाउज ताईंनी कापला आणि काठ चुकला. बाहीवर यायला हवा तो काठ पाठीच्या भागात गेला. साडीबरोबर येतो तेवढाच तो तुकडा, दुसरा बाजारात मिळत नाही. लग्न चार दिवसांवर होतं. “तुमच्यावर विश्वास टाकला हेच चुकलं,” असं म्हणून त्या बाई गेल्या. ताईंनी त्या दिवशी मशीनवर चादर टाकली. खाली गठ्ठ्यात ३१ ब्लाउजपिसं तशीच पडली होती.

आम्ही पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरतो. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहापासून पुढे मध्यम नैराश्य, पंधरापासून बरंच गंभीर, विसापासून तीव्र. ताईंचे गुण १९ होते. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. त्यावर त्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “झोपेतच संपलं तर बरं, असं येतं मनात.”

इथे घाईने पुढे जायचं नसतं. आपण विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेलं भरेल, अशी भीती घरच्यांना वाटते. तसं होत नाही. उलट कुणीतरी सरळ विचारलं याने माणसाचा श्वास मोकळा होतो. मी सगळं विचारलं. कसं, कधी, काही जमवून ठेवलंय का? ठरवलेलं काही नव्हतं, पण पडवीत फवारणीची औषधं उघड्यावर होती. यजमानांनी ती त्याच संध्याकाळी भावाच्या कुलपातल्या खोलीत नेऊन ठेवली. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर मी कागदावर लिहून दिला. तो त्यांनी मशीनच्या ड्रॉवरमध्ये चिकटवला. डॉक्टरांनी थायरॉइड तपासला, तो ठीक निघाला. हिमोग्लोबिन कमी होतं, त्याची गोळी सुरू झाली. जोडीला एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी. एवढं गंभीर नैराश्य असेल तेव्हा औषध आणि बोलणं दोन्ही एकत्र चालवणं मला योग्य वाटतं.

जाऊबाईंनी देवीकडे कौल लावायला सांगितलं होतं. यजमानांनी ते जरा ओशाळून सांगितलं. मी म्हटलं, देवीला जरूर जा, फक्त गोळी आणि मंगळवारची भेट चुकवू नका.

माझी चूक

दुसऱ्या भेटीत मी घाई केली.

ॲरन बेक हे अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ. मुळात मनोविश्लेषणाच्या परंपरेत तयार झालेले. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, हे त्या परंपरेचं म्हणणं पेशंटांच्या स्वप्नांतून सिद्ध करायला ते बसले आणि हाती वेगळंच आलं. स्वप्नांत राग नव्हता. हरणं होतं, गमावणं होतं, नाकारलं जाणं होतं. जागेपणीही या माणसांच्या मनात स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि पुढच्या दिवसांबद्दल काळवंडलेले विचार झरझर येऊन जात आणि माणूस ते नुसते विचार आहेत असं न मानता वस्तुस्थितीच मानून चाले. या निरीक्षणावर १९६० च्या दशकात त्यांनी उपचार उभा केला आणि १९७९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर नैराश्याच्या उपचाराचं सविस्तर पुस्तक लिहिलं. विचार पकडा, लिहा, तपासा, हे त्याचं हृदय. त्याच्याही आधी, १९५० च्या दशकापासून, न्यूयॉर्कला मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस अशीच वाट चालत होते. त्यांचा विचार कि. मो. फडके यांनी ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नावाने मराठीत रुजवला, म्हणून ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द आपल्याकडे अनेकांच्या कानावर असतो.

हे सगळं शिकून आलेली मी ताईंच्या हातात छापील तक्ता ठेवला. ‘प्रसंग, स्वयंचलित विचार, भावना, पर्यायी विचार’. रोज एक भरून आणा म्हटलं.

पुढच्या मंगळवारी कागद कोरा आला. चार घड्या पडलेला, घामाने मऊ झालेला.

“एवढंही जमलं नाही बघा मला,” ताई म्हणाल्या. त्या दिवशी गुण २० झाले होते. ज्या बाईला आपण कुचकामी आहोत असं वाटतंय, तिच्या हाती मी तिच्या कुचकामीपणाचा आणखी एक पुरावा दिला होता. मी तसं त्यांना सांगितलं, की हा कागद तुमच्यासाठी चुकीच्या मापाचा होता आणि तो मी कापला. त्या पहिल्यांदा किंचित हसल्या.

एवढ्या खोल नैराश्यात डोकंच चालत नसतं, मग विचार तपासणार कशाने? अशा वेळी आधी हात हलवावे लागतात. याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने २०१३ ते २०१५ दरम्यान दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. बऱ्यापैकी गंभीर नैराश्य असलेली ४९५ माणसं. निम्म्यांना नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले, निम्म्यांना त्याच्या जोडीला सहा ते आठ भेटींचा बोलण्याचा उपचार. त्याचा गाभा होता सीबीटीमधला वर्तनाचा भाग, म्हणजे टाळलेल्या गोष्टी लहान लहान तुकड्यांनी पुन्हा सुरू करणं. हे करणारे डॉक्टर नव्हते, सायकॉलॉजिस्टही नव्हते. प्रशिक्षण घेतलेले साधे स्थानिक लोक होते. तीन महिन्यांनी पीएचक्यू-९ चे गुण दहाच्या खाली आलेले त्या गटात ६४ टक्के होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. आपल्याकडे मानसोपचाराला पुरेशी माणसं नाहीत हे ऐकलं की मला ही चाचणी आठवते आणि धीर येतो.

तर आम्ही कागद बाजूला ठेवला.

हात आधी

ताईंचं म्हणणं होतं, “जरा उभारी आली की बसते मशीनवर.” हा नैराश्यातला सगळ्यात चिवट गुंता. उभारी येत नाही म्हणून काम बंद, आणि काम बंद म्हणून उभारी यायला वाटच नाही. शेजारीण आल्यावर आत गेलं की क्षणभर सुटल्यासारखं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी लवकर आत जावंसं वाटतं. चार महिन्यांत ताईंचं जग आतल्या खोलीएवढं उरलं होतं.

मी विचारलं, मशीनच्या आसपासचं सगळ्यात सोपं काम कुठलं? त्या बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “तेल घालणं.” आम्ही तिथून सुरुवात केली. चादर काढायची, मशीन पुसायचं, तेल घालायचं, चादर परत टाकायची. शिवायचं नाही. मग उशीचा अभ्रा. मग हूक-काज, कारण त्यात कात्री नाही. मग फॉल-पिको. मग स्वतःचा बिनअस्तराचा साधा ब्लाउज. त्यानंतर गिऱ्हाइकाचा. पैठणी अगदी शेवटी, नाव घेतलं तरी त्यांचे हात गार पडायचे.

जोडीला दोन गोष्टी ठरल्या. साडेतीनला जाग आली की अंथरुणात लोळत पडायचं नाही, उठून ओट्यावर बसायचं. आणि सकाळचं दूध मुलाने न आणता ताईंनी डेअरीतून आणायचं. प्रत्येक गोष्टीपुढे दोन आकडे टाकायचे, दहापैकी किती बरं वाटलं आणि दहापैकी किती ‘जमलं’ असं वाटलं. पहिल्या आठवड्यात बरं वाटण्याचे आकडे शून्य आणि एक. पण दुधाच्या फेरीपुढे ‘जमलं’च्या खाली त्यांनी चार लिहिलं होतं. यजमानांना हे आकडे क्षुल्लक वाटले. मला ते वाचून फार आनंद झाला होता.

सहाव्या आठवड्यात गुण १४ वर आले. झोप पाचपर्यंत लागू लागली. यात गोळीचा वाटा किती आणि दुधाचा किती, हे कुणालाच वेगळं काढता येणार नाही. मीही तसा दावा करत नाही.

‘वाटतं’ची अडचण

आता विचारांकडे वळता येणार होतं. तिथे आपली भाषाच आडवी येते. मराठीत ‘वाटणं’ एकच. ‘मला वाईट वाटतं’ यातही वाटतं आणि ‘मला वाटतं मी निकामी आहे’ यातही वाटतंच. पहिली भावना आहे, ती खरीच असते, तिच्याशी वाद घालायचा नसतो. दुसरा विचार आहे, तो तपासता येतो. सीबीटीचा सगळा डोलारा या दोहोंच्या फरकावर उभा आहे आणि आपलं क्रियापद दोघांना एकाच पोत्यात घालतं. माझ्या पहिल्या तक्त्याचं निम्मं अपयश इथे होतं, असं मला आज वाटतं (पाहा, मीसुद्धा).

ताईंशी बोलताना आम्ही दोन प्रश्न पक्के केले. “मन काय म्हणालं?” आणि “जिवाला काय झालं?” मन म्हणतं, जिवाला होतं. हा फरक त्यांना लगेच कळला, समजावून सांगावाच लागला नाही.

लिहायचं कशात? त्यांच्या पिशवीत मापाची वही होती. सवयीने घेऊन फिरायच्या, उघडत नसत. दर पानावर नाव, तारीख, छाती, कंबर, मुंढा, बाही, उंची, गळा. मी म्हटलं, यातच मागच्या बाजूने रेघा मारू. तारीख. काय झालं. मन काय म्हणालं. जिवाला काय झालं, दहापैकी किती. आणि शेवटचा रकाना, माप.

“माप म्हणजे?”

“तुम्ही नजरेने बघून कापड कापता का?”

“छे, टेप लावल्याशिवाय कात्री नाही.”

“तसंच. मनाने नजरेने सांगितलं. आता टेप लावून काय दिसतं ते लिहायचं.”

त्या आठवड्यातली एक नोंद त्यांच्या परवानगीने देते. ‘मंगळवार दुपारी ४. समोरच्या वहिनी दारावरून गेल्या, बोलल्या नाहीत. मन म्हणालं, त्यांना पैठणीचं कळलं, आता तोंड बघायचं नाही असं ठरवलंय. जीव, ८. माप : कडेवर नातू, हातात दोन पिशव्या. माझं दार लोटलेलं होतं. फटीतून मी बघत होते, त्यांना मी दिसलेच नाही.’

ही नोंद वाचून दाखवताना त्या मध्येच थांबल्या. लोटलेलं दार त्यांना लिहितानाच दिसलं होतं.

सीबीटी म्हणजे ‘चांगलं चांगलं बोला’ असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. घरच्यांचाही आणि काही समुपदेशकांचाही. नैराश्यातल्या माणसाला ‘पॉझिटिव्ह विचार कर’ म्हणणं म्हणजे त्याच्या एकटेपणात भर घालणं. ‘माप’ या रकान्यात गोड काही लिहायचं नसतं. जे दिसेल तेच लिहायचं, मग ते कडू असलं तरी. पुढे तसं झालंही.

ताईंचं ठाम मत होतं की पैठणीवाल्या बाईंनी गावभर सांगितलं आहे आणि आता कापड कुणी देणार नाही. खात्री दहापैकी नऊ. हे घरात बसून तपासता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी स्वतःच म्हटलं, फोन करून बघते. आम्ही आधी अंदाज लिहिला : ‘ओरडतील, ठेवून देतील.’ मग दवाखान्यातूनच फोन लावला.

त्या बाई ओरडल्या नाहीत, पण रागात होत्या. लग्नात दुसरा ब्लाउज घालावा लागला हे त्यांनी ऐकवलं. आता त्या बाजारपेठेतल्या दुकानात शिवायला टाकतात हेही सांगितलं. मग जरा थांबून विचारलं, “तुम्ही आजारी होता का? खोली कायम बंद दिसते.” ताईंनी हो म्हटलं, माफी मागितली, कापडाचे पैसे देऊ केले. बाईंनी निम्मे घेईन म्हटलं.

एक गिऱ्हाईक खरंच गेलं होतं. तेवढं मनाचं खरं निघालं. गावभर सांगितल्याचं मात्र खरं नव्हतं, आणि फोन सुरू केल्यावर दोन दिवसांत ‘माझा ब्लाउज कधी देताय’ असे सात मेसेज सापडले. त्यातला एक जानेवारीतला होता.

पैठणीच्या खाली

मग मी पुन्हा थोडी हुशारी केली. ताईंना जुन्या वह्या काढून मोजायला सांगितलं. पाच वह्या घरात होत्या. दोन हजार तीनशेच्या वर ब्लाउज. उसवून दुरुस्त करून दिलेले ४१. कापडच वाया गेलं असे ३, पैठणी धरून. मला वाटलं, आकडे बोलतील.

“तीनच, हे खरं मॅडम,” ताई म्हणाल्या. “पण म्हणून बरं वाटत नाही.”

पुराव्याने विचार हलतो आणि तरी जीव हलत नाही, तेव्हा तो विचार वरचा असतो. खाली दुसरा दडलेला असतो. अशा वेळी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा, हळू विचारायचा. तो ब्लाउज बिघडला म्हणजे तुमच्याबद्दल काय ठरलं?

“लक्ष नव्हतं माझं.”

लक्ष नव्हतं, म्हणजे?

“हलगर्जी आहे मी.”

हलगर्जी असणं म्हणजे काय होतं?

बराच वेळ त्या पदराचं टोक दुमडत राहिल्या. “मी नजर काढली की माझ्या हातून जातं. कापड जातं. माणूस पण जातं.”

मागच्या आषाढात त्यांची आई गेली होती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फाइलवर माझ्याच अक्षरात होतं, ‘आईचे निधन, सात महिने’. पण ते काय होतं हे त्या दिवशी कळलं. आईला हृदयाचा जुना आजार, पायावर सूज, दम. ताई माहेरी गेल्या होत्या. दोन रात्री उशाशी जागल्या. तिसऱ्या रात्री दम वाढला. आई म्हणाली, दवाखाना नको, सकाळी बघू. भाऊही म्हणाला, सकाळी नेऊ. बाहेर पाऊस कोसळत होता. दोनच्या सुमाराला ताईंचा डोळा लागला. पाचला जाग आली तेव्हा आई गेलेली होती.

तेव्हापासून त्यांची झोप साडेतीनला मोडू लागली होती. पैठणी कापताना मनात आईच होती.

त्या भेटीत मी वही उघडली नाही. दुःख हा तपासून दुरुस्त करायचा विचार नाही. ताई रडल्या, आईबद्दल बोलल्या, तिचे हात कसे होते ते सांगितलं. पाऊण तास संपला तेव्हा मी फक्त पुढच्या मंगळवारची वेळ दिली.

पुढच्या भेटीत मी कागदावर गोल काढला आणि विचारलं, आई जाण्याला काय काय कारणीभूत झालं, सगळं लिहू, तुमचा वाटा शेवटी टाकू. ताई म्हणाल्या, “ही तर भाकरी झाली.” मग भाकरीचेच वाटे पडले. जुन्या आजाराला त्यांनी अर्धी दिली. आईच्या ‘सकाळी बघू’ला चतकोर. उरलेल्यात भावाचा निर्णय, पाऊस आणि रात्री गाडी न मिळणं. ताईंच्या नावाला जे उरलं ते चतकोराहूनही लहान, नितकोर.

मी विचारलं, शेजारणीची मुलगी दोन रात्री जागून तिसऱ्या रात्री अशी झोपली असती तर तिला हलगर्जी म्हटलं असतं?

“तिला मीच म्हटलं असतं, पड जरा बाई.”

‘आई माझ्यामुळे गेली’ यावरचा विश्वास शंभरातून ९५ होता, तो महिन्याभरात ३० वर आला. शून्यावर आला नाही आणि मी तो आणायचा प्रयत्नही केला नाही. नितकोर त्यांना स्वतःकडे ठेवायचा होता. तो काढून घेण्याचा अधिकार मला नव्हता.

याच सुमारास पैठणीचं बोलणं पुन्हा निघालं. काठ चुकला तरी एरवी काहीतरी जोडून सावरता आलं असतं, ताई सांगत होत्या, “पण त्या दिवशी मायाच सोडली नव्हती.” मी हा शब्द शिवणात ऐकला नव्हता. त्यांनी समजावलं. शिलाईच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, ती माया. ताई बाजूच्या शिलाईत दीड इंच ठेवतात. बाई वाळते, सुटते, बाळंतपण होतं, अंग सारखं राहत नाही. माया असेल तर उसवून वाढवता येतं, नाहीतर वर्षभरात ब्लाउज टाकून द्यावा लागतो.

मी काही विचारलं नाही. विचारायचा मोह झाला होता, पण गप्प बसले ते बरं झालं. पुढच्या आठवड्यात वहीत ‘माप’च्या पुढे ताईंनी स्वतःच आणखी एक रेघ मारून आणली होती आणि वर लिहिलं होतं, माया. पहिली नोंद अशी : ‘बाही अर्धा इंच आखूड झाली. मन म्हणालं, परत तेच. माप : उसवून वीस मिनिटांत झालं. माया : दहात एखादा उसवावा लागणारच.’ असा रकाना कुठल्याही उपचारपुस्तकात मी पाहिलेला नाही. आता तो मी इतरांच्या वह्यांतही मारते.

वर्षश्राद्ध

जुलैत गुण ८ वर आले होते. भेटी पंधरा दिवसांनी ठेवल्या. मग वर्षश्राद्ध आलं. ताई माहेरी गेल्या, परतल्यावर एक भेट चुकली, यजमानांचा फोन आला की पुन्हा आत जाऊन झोपते. पुढच्या भेटीत गुण १४. “परत तिथेच आले मी,” त्या म्हणाल्या.

हे होणार याची तयारी आम्ही जूनमध्येच लिहून ठेवली होती. नैराश्य उताराला लागल्यावर मध्येच असा चढ येणं नेहमीचं असतं आणि त्याचाच अर्थ ‘सगळं वाया गेलं’ असा लावला की माणूस खरंच खाली जातो. वहीचं शेवटचं पान काढलं. त्यावर ताईंच्या अक्षरात होतं : दूध स्वतः आणायचं, फोन बंद करायचा नाही, जाऊबाईंशी रोज बोलायचं, गोळी सोडायची नाही, मरणाचं मनात आलं तर यजमानांना त्याच वेळी सांगायचं. मी विचारलं, यातलं काय चालू आहे? दूध चालू होतं. फोन चालू होता. जाऊबाई तर स्वतःच रोज येऊन बसत होत्या. फेब्रुवारीत यातलं एकही नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात गुण ९ आणि ऑगस्टअखेर ५.

एकूण १७ भेटी झाल्या. औषध आणखी किमान सहा महिने चालेल असं डॉक्टरांनी सांगितलं. नैराश्य परत येऊ शकतं, हे मी प्रत्येकाला सांगतेच. मात्र या बोलण्याच्या उपचाराचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. तो संपल्यावरही काही काळ मागे राहतो. अमेरिकेत स्टीव्हन हॉलन आणि सहकाऱ्यांनी मध्यम ते तीव्र नैराश्यातून बऱ्या झालेल्यांना पुढे वर्षभर पाहिलं. २००५ साली त्यांनी मांडलेल्या आकड्यांत, ज्यांचं औषध थांबवलं त्यांच्यातल्या ७६ टक्क्यांना आजार उलटला, औषध चालू ठेवलेल्यांत ४७ टक्क्यांना, आणि बोधात्मक उपचार घेऊन तो थांबवलेल्यांत ३१ टक्क्यांना. ताईंनी दोन्ही घेतलं, त्यामुळे हे आकडे त्यांना जसेच्या तसे लागू नाहीत. वही मात्र त्यांच्याकडेच आहे.

नोव्हेंबरात त्या ठरल्याप्रमाणे पुन्हा भेटायला आल्या, या वेळी एकट्या, एसटीने. गुण ४. आठवड्याला सहाच ब्लाउज घेतात, पूर्वी बारा घ्यायच्या. पैठणीचा एक घेतला होता, कापायच्या आधी दोन दिवस तसाच ठेवला, मग जाऊबाईंना समोर बसवून कापला. तो नीट झाला.

मी त्या ३१ पिसांचं विचारलं. २४ शिवून दिली. सहा गिऱ्हाइकांनी तशीच परत नेली, त्यातल्या दोघी बोलल्यासुद्धा. एक राहिलं आहे. खणाचं, गर्द जांभळं. उन्हाळ्यात आईने दिलं होतं, सावकाश शिव म्हणून.

मी विचारलं, ते टाळलं जातंय का? असं विचारणं माझं कामच आहे.

ताईंनी जरा विचार केला. “नाही मॅडम. आईचं माप पाठ आहे मला. पण आता कुणाच्या मापाने कापू, ते ठरत नाहीये अजून.”

मग त्यांनी शेवटची गाडी साडेपाचची असल्याचं सांगितलं आणि पुढची तारीख फेब्रुवारीतली घेतली.